नजरी नकाशातला नाला

मे २०१०. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि माझ्या हातात गेरूचा डबा होता. आठनंतर उन्हात उभं राहवत नाही, म्हणून आम्ही दिवस उजाडता उजाडता निघायचो. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सुटीत जनगणनेची ड्युटी लागली आणि मला नागपूरच्या हद्दीबाहेरच्या बेसा-पिपळ्याच्या पट्ट्यातल्या एका गावाचा गट मिळाला. गावाचं नाव लिहीत नाही. जनगणनेत घराघरातून घेतलेली माहिती १९४८च्या कायद्याने गोपनीय असते, आणि तो शब्द मी आजही पाळते.

पहिली फेरी घरयादीची. दारावर गेरूने क्रमांक घालायचा, मग पस्तीस प्रश्न विचारायचे. भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, चूल की गॅस, घरात सायकल आहे का. त्याआधी मात्र आपल्या गटाचा नजरी नकाशा, म्हणजे मोजमाप न घेता नजरेने पाहून हाताने रेखाटलेला नकाशा, काढावा लागतो. पक्क्या घराला चौकोन, कच्च्या घराला त्रिकोण. तो नकाशा काढण्यात मी दोन सकाळी घालवल्या. मारुतीचं देऊळ, विहीर, शाळेची पडवी, दोन आंबे, आणि गावाच्या खालच्या अंगाने जाऊन पुढे पोरा नदीला मिळणारा नाला. मे महिन्यात तो कोरडाच होता, पण पात्र चांगलं दहा-बारा फूट रुंद, काठाला बाभळी.

नाल्याशेजारी शेत असलेले एक बाबाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. कागद बराच वेळ पाहून म्हणाले, "थो नाला बराबर काढजा बाई. पुढच्या खेपेले याल तं दिसते का नाही, काय सांगता येत नाही."

मी हसून "हो बाबाजी" म्हटलं आणि पुढच्या घराकडे वळले. त्यांचं बोलणं तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं.

गावाच्या तीन बाजूंना त्या नकाशात कोरा कागद राहिला होता. खरं तर ती जागा कोरी नव्हती. तूर-सोयाबीनच्या शेतांत चुना लावलेले दगड ओळीने गाडलेले होते, मुरमाचे रस्ते आखलेले होते, नगरांच्या नावाच्या पाट्या लागल्या होत्या. हे कुठे मांडायचं, म्हणून पर्यवेक्षकांना विचारलं. त्यांनी नियमाप्रमाणे बरोबर सांगितलं: इमारत आहे का? नाही. मग नोंद नाही. जनगणना आलेल्या माणसाला मोजते. ज्याने प्लॉट घेतलाय आणि जो पाच-सात वर्षांनी बायको-पोरांना घेऊन राहायला येणार आहे, तो तिच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मला जे सांगायचंय ते या कोऱ्या कागदाबद्दल आहे.

आकडे पाहिले तर नागपूरची वाढ मंदावलीय असं वाटतं. १९९१ला शहरात १६.२४ लाख लोक होते, २००१ला २०.५२ लाख, २०११ला २४.०५ लाख. म्हणजे आधीच्या दशकात सव्वीस टक्के वाढ आणि नंतरच्या दशकात सतराच. पण हे आकडे महापालिकेच्या हद्दीतले. माणसं यायची थांबली नव्हती, ती हद्दीच्या पलीकडे उतरत होती. बेसा, बेलतरोडी, घोगली, हुडकेश्वर, नरसाळा, तिकडे वाडी, हिंगणा. यांतलं हुडकेश्वर-नरसाळा पुढे महापालिकेत आलं. बाकी गावांत कितीतरी वर्षं ग्रामपंचायतच होती, जिच्याकडे पाच-सातशे घरांपुरती पाण्याची टाकी आणि दोन कर्मचारी.

कोण येत होतं ते मला शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधून कळायचं. जन्मठिकाणाच्या रकान्यात आधी आजूबाजूची गावं असायची. मग गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ यायला लागलं, आणि बालाघाट, शिवनी, छिंदवाडाही. बांधकामावर आलेल्यांची मुलं, विमानतळाजवळच्या मिहान उद्योग प्रकल्पात सुरक्षारक्षक म्हणून लागलेल्यांची मुलं, शेती सोडून ऑटो घेतलेल्यांची मुलं. पहिलीचा एक वर्ग होता, त्याचे दोन करावे लागले. चौथीला शिकवताना मी सांगायचे की गोंड राजा बख्त बुलंद शाहाने बारा वाड्या एकत्र करून हे नागपूर वसवलं. त्यावर वर्गातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मंग आपली तेरावी." किती खरं बोलला तो!

आता आमचं. आम्ही नागपूरच्या महाल या जुन्या भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. २००५मध्ये यांच्या भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून याच पट्ट्यात दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. लेआउटवाल्याने, म्हणजे शेताचे प्लॉट पाडून विकणाऱ्याने, दाखवलेल्या नकाशात बगिचा होता, तीस फुटांचे रस्ते होते. लेआउट मंजूर नव्हता. ते आम्हाला माहीत होतं आणि तरीही आम्ही घेतला, कारण मंजूर लेआउटमधला प्लॉट शिक्षिकेच्या आणि रेल्वेतल्या कारकुनाच्या पगारात बसत नव्हता. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराची हीच गोष्ट आहे. म्हणून अनधिकृत वस्तीतल्या लोकांना कोणी लबाड म्हटलं की मला फार लागतं. माणसाला राहायला जागा लागतेच. परवडणारी कायदेशीर जागा वेळेत मिळाली नाही, तर तो परवडेल तिथे जाणार.

अशा प्लॉटधारकांसाठी गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला. आधी १ जानेवारी २००१पर्यंतचे प्लॉट त्यात बसत होते. २०२१ला दुरुस्ती होऊन ही तारीख ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे सरकली. आम्हालाही त्यातून आशा वाटली, ते नाकारत नाही. पण यात क्रम उलटा आहे. आधी प्लॉट, मग घर, मग माणसं, मग डिमांड म्हणजे शुल्क भरून नियमितीकरण आणि सगळ्यात शेवटी गटाराची लाइन.

मधली वर्षं कशी जातात ते सांगते, कारण ते बाहेरच्यांना दिसत नाही. आमच्याकडची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर घर बांधायचं तर पाया मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो. ज्यांनी पैसे वाचवले त्यांच्या भिंती पहिल्या दोन पावसाळ्यांतच तडकल्या. त्याहून मोठा त्रास सांडपाण्याचा. गटार नाही म्हणून प्रत्येकाकडे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. पण काळी माती ओली झाली की पाणी शोषतच नाही. जुलैत शोषखड्डे भरून सांडपाणी वर येतं. मग लोक पाइप टाकून ते पाणी जवळच्या नाल्यात सोडतात. उन्हाळ्यात बोरिंग आटते, टँकर येतो. टँकर कधी येईल त्यावर बायकांचा दिवस ठरतो, माझ्या शेजारणीने त्यापायी शिवणकामाचं दुकान सोडलं. आणि भरणी! नवीन घर बांधणारा प्रत्येक जण रस्त्यापेक्षा दोन फूट उंच जोता घेतो. मग रस्ता सिमेंटचा होतो आणि तो आणखी उंच होतो. जे सगळ्यात आधी आले, त्यांची घरं खड्ड्यात जातात. आमचं घर आता रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली आहे.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरने जे पाहिलं ते सगळ्यांना आठवत असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. माझी नणंद अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहते. पहाटे तिचा फोन आला तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात गॅसचं सिलिंडर तरंगत होतं. तो तर जुन्या, नावाजलेल्या वस्तीचा भाग. तलाव १८७०चा, नदी शहराहूनही जुनी, दोन्ही प्रत्येक नकाशात आहेत, आणि तरीही हे झालं. मग जो नाला कुठल्याच मंजूर नकाशात नाही, त्याच्या काठच्या घरांचं काय, हा विचार मला त्या दिवसापासून सोडत नाही.

मी विकासाच्या विरोधात नाही. ११ डिसेंबर २०२२ला मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला तेव्हा मी खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मुद्दाम बसून गेले. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मिहानमधल्या एम्समध्ये जाते आणि तिथे मला चांगली वागणूक मिळाली. माझं म्हणणं एवढंच आहे की शेतात चुन्याचे दगड गाडले जातात, त्या दिवशीच त्या जागेवर किती माणसं येणार हे ठरलेलं असतं. प्लॉट मोजा आणि पाचाने गुणा. चौथीचं गणित आहे. नाला किती रुंद ठेवायचा, पाण्याची टाकी किती मोठी हवी, शाळेला जागा कुठे सोडायची, हे त्याच दिवशी ठरवता येतं. त्यासाठी जनगणनेची वाट पाहण्याची गरज नाही. आणि २०२१ची जनगणना तर झालीच नाही. म्हणजे आमचा पट्टा कागदावर अजून २०११मध्येच आहे, चाळीस-पन्नास चौकोन आणि भोवती कोरा कागद. शहराभोवतीच्या भागाचं नियोजन करणाऱ्या नागपूर महानगर प्रदेश प्राधिकरणाकडे सातशेहून जास्त गावं आहेत. त्यांतल्या किती गावांभोवती असा कोरा कागद असेल!

आता पुढची गणना होतेय, १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने. त्याआधी घरयादी, आणि या वेळी मोबाइलवर. आमच्या शाळेत माझ्यानंतर आलेली एक तरुण शिक्षिका मला भेटायला आली. तिला काम याच पट्ट्यात मिळेल असं वाटतंय. "मॅडम, जुना नकाशा असेल तर दाखवा ना, सुरुवात कुठून करावी कळत नाही," म्हणाली. पक्का नकाशा तेव्हाच जमा केला होता, पण कच्चा माझ्या वहीत होता. पेन्सिलीच्या रेषा पुसट झाल्यात, देऊळ आणि विहीर ओळखू येते.

आम्ही दोघी संध्याकाळी वही घेऊन निघालो. देऊळ सापडलं, आता त्याला मोठा सभामंडप आहे. विहिरीवर लोखंडी जाळी टाकलीय. आंबे नाहीत. बाबाजी २०१६ला गेले, त्यांच्या शेतात तीन मजली इमारत आहे. नकाशाप्रमाणे नाल्याच्या जागी पोचलो तर सिमेंटचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. ती म्हणाली, "मॅडम, इथे तर काहीच नाही." मी वाकून पाहिलं. रस्त्याच्या कडेला, गवतात, दोन फुटांचा एक सिमेंटचा पाइप होता, अर्धा गाळाने भरलेला. पलीकडे एका कुंपणाच्या मागे एकच बाभूळ उभी होती.

तिने फोन काढून पाइपचा फोटो घेतला. मग वहीतल्या माझ्या नाल्याच्या दोन रेषांवर निळ्या पेनाने पुन्हा रेघ ओढली आणि शेजारी रुंदी लिहिली: १२ फूट.