मशीनला बोटं नसतात

रात्री पावणेदोनला वॉचमनचा फोन आला, 'मॅडम, तुमचं ते कपाट ओरडतंय,' आणि दोन दिवस पाण्यात गेले हे मला झोपेतच कळलं. कपाट म्हणजे कंडिशनिंग चेंबर, ठरलेलं तापमान आणि आर्द्रता धरून ठेवणारं. आत सिगारेटी होत्या.

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. पाणी, काजूगर, औषधाच्या गोळ्या, कधीमधी फेणी. सिगारेट ओढणारं यंत्र साहेबांनी कुठूनतरी जुनं, स्वस्तात उचललं. मग एवढी वस्तू रिकामी कशी ठेवायची म्हणून त्याच्यासाठी कामं शोधली गेली. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच उलट्या क्रमाने होतात.

सिगारेट तपासायची म्हणजे पाकीट फोडलं आणि पेटवली, असं नसतं. आधी ती 22 अंश तापमानात आणि 60 टक्के आर्द्रतेत किमान 48 तास नुसती पडून राहावी लागते. ओली सिगारेट सावकाश जळते, झुरके वाढतात, सगळे आकडे सरकतात. जुलैत गोव्यात चपलांना बुरशी येते, वहीची पानं हाताला चिकटतात. त्या हवेत एका कपाटापुरते 60 टक्के धरून ठेवायचे, तर वीज एक मिनिटही जाऊन चालत नाही. चेंबरला यूपीएस द्या, हे मी तीन वर्षं लेखी मागतेय. साहेबांच्या केबिनमधल्या एसीला आहे.

नमुना कोणाचा होता ते सांगणार नाही. बाहेरच्या देशात माल पाठवणारी मंडळी होती. पाकिटावर छापायला त्यांना दोन आकडे हवे होते, टार आणि निकोटिन. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. मी मंगळवारी पहाटे दुसरा लॉट चेंबरमध्ये भरला आणि गुरुवारची वाट बघत बसले.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत सदूकाका भेटले, असं म्हणायला हवं. खरं तर ते आमच्याकडे सहा वर्षं शिपाई आहेत. मूळचे पेडण्याचे. उमेदीची वीस वर्षं मांडवीवर खनिजाच्या बार्जवर गेली, खाणी बंद पडल्या तेव्हा ते किनाऱ्याला लागले. दुपारी जेवण झालं की मागच्या पायरीवर बसून तळहातावर तंबाखू मळतात. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, चुना कशाला लागतो?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एम.एस्सी. झालेल्या बाईने हे विचारावं याचीच त्यांना लाज वाटली असावी. 'चुनो नासल्यार तंबाखू म्हळ्यार सुकें पान, बाय.'

चुन्याशिवाय तंबाखू म्हणजे सुकलेलं पान. मी त्यांच्या डबीतली नुसती तंबाखू थोडी घेतली, आणि चुना लावून मळलेली थोडी. दोन्ही वजन करून पाण्यात कालवल्या आणि पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवला. पीएच 7 च्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे अल्कली. नुसतीचा पीएच साडेपाचच्या आसपास, मळलेलीचा साडेनऊच्या वर. काका मागे उभे राहून आकडा चढताना बघत होते.

निकोटिन दोन रूपांत राहतं. आम्लात ते मिठाच्या रूपात अडकलेलं असतं, अल्कलीत मोकळं होतं. पीएच 6 असेल तर शंभरातला जेमतेम एक भाग मोकळा, 8 ला साधारण अर्धा, साडेनऊला जवळजवळ सगळा. मोकळं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून झटकन रक्तात जातं, मिठातलं तितकं जात नाही. चिरूटाचा धूर तोंडात धरूनही काही चढतो आणि सिगारेटचा मात्र छातीत ओढावा लागतो, त्यातही हाच हिशोब मोठा आहे. भट्टीच्या गरम हवेत वाळवलेल्या व्हर्जिनिया तंबाखूत साखर टिकून राहते, तिचा धूर आम्लधर्मी होतो, म्हणून तो घशाला चावत नाही आणि खोल जातो. चिरूटाच्या तंबाखूचा धूर अल्कलीकडे झुकतो. तो खोल ओढून बघा, खोकून डोळ्यांत पाणी येईल.

त्या रात्री मी घरी जाऊन पुन्हा ते कागद उघडले. 1998 मध्ये अमेरिकेतल्या 46 राज्यांशी सिगारेट कंपन्यांचा समझोता झाला, त्यात कंपन्यांना आपले आतले कागद खुले करावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या ग्रंथालयात ते लाखोंनी आहेत, घरबसल्या वाचता येतात. मला ते वाचायचं व्यसनच आहे, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतेय. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे संशोधक विल्यम डन 1972 साली लिहितात की सिगारेटकडे निकोटिनची एकेक मात्रा देणारं साधन म्हणून बघा. त्याच सुमारास, 1973 मध्ये, प्रतिस्पर्धी आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचे क्लॉड टीग फिलिप मॉरिसच्या मार्लबोरोचा खप का वाढतोय याचा शोध घेताना धुराच्या पीएचपाशी येऊन थांबतात. मार्लबोरोच्या धुराचा पीएच जास्त, मोकळं निकोटिन जास्त, म्हणून झटका जास्त, असा त्यांचा तर्क. पीएच वाढायला अमोनिया कारण. कारखान्यात उरलेली देठं आणि चुरा यांचा लगदा करून त्याचे पापडासारखे पातळ तक्ते काढतात, ते कापून पुन्हा तंबाखूत मिसळतात. त्या लगद्यात डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे अमोनियाचंच मीठ, घालायचं. मोठमोठ्या पगाराची माणसं, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे गॅस क्रोमॅटोग्राफ, वर्षानुवर्षांची गुप्तता, आणि शेवटी हाती काय लागलं? चुन्याचा भाऊ.

इथे मला स्वतःला टोकलं पाहिजे, नाहीतर मी चुन्याच्या कथेत वाहवत जाईन. गाल आणि फुप्फुस एक नाहीत. फुप्फुसाचा पसारा प्रचंड, तिथला द्रव 7.4 च्या आसपास स्वतःच सगळं सांभाळून घेतो. त्यामुळे अमोनियाने रक्तात पोचणारं निकोटिन खरंच वाढतं का, यावर रसायनवाल्यांत आजही वाद आहे, आणि वाढत नाही असं दाखवणारे प्रयोगही आहेत. घशात लागणारा पहिला चटका मात्र बदलतो, आणि विकणाऱ्याला तोही पुरतो. कंपन्यांचा विश्वास काय होता आणि शरीरात काय होतं, ही दोन वेगळी खाती आहेत. लोक ती एकत्र करून ठोकून देतात तेव्हा मला चीड येते, जरी ते माझ्याच बाजूने बोलत असले तरी.

गुरुवारी यंत्र सुरू केलं.

त्याचं मला कौतुक आहे, सांगून टाकते. पिचकारीसारखा दट्ट्या बरोबर 35 मिलिलिटर धूर ओढतो, बरोबर 2 सेकंदांत, आणि दर 60 सेकंदांनी. झुरका सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी पुन्हा हळू, घंटेच्या आकाराचा. थोटूक किती उरवायचं तेही ठरलेलं: 23 मिलिमीटर, किंवा फिल्टर अधिक 8, किंवा तोंडाकडचा कागद अधिक 3, यातलं जे लांब ते. प्रत्येक सिगारेटवर मी पेन्सिलीने खूण करते. माझ्या हाताखालची मुलं पेन वापरतात, मग शाई जळते आणि मला ओरडावं लागतं. धूर 44 मिलिमीटरच्या काचतंतूंच्या गोल चकतीवर अडकतो. पाच सिगारेटी झाल्या की पांढरी चकती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी होते. ती वजन करायची, आयसोप्रोपॅनॉलमध्ये हलवायची, गॅस क्रोमॅटोग्राफला द्यायची. वजनातून पाणी वजा, निकोटिन वजा, उरलं ते टार. टार नावाची वस्तू कुठे नसतेच. ती वजाबाकी असते.

सदूकाका चहा घेऊन आले आणि कप हातात धरून यंत्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'बाय, हें मशीन ओडटा खरें, पूण बोटां खंय दवरता?'

ओढतं खरं, पण बोटं कुठे ठेवतं?

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या ट्रेमधली एक सिगारेट उचलली आणि दोन बोटांत धरून दाखवली, फिल्टरच्या मधोमध, ओठांना चिकटून. बार्जवर वारा असतो, विझू नये म्हणून घट्ट धरावी लागते. डॉक्टरांनी छाती ऐकून 'हलकी' घे म्हणून सांगितलं, तर हलकीचा धूर येईचना. मग त्यांना कळलं की फिल्टरवर बोटं दाबली की येतो. एका पाकिटाची दोन पाकिटं झाली. कुणी शिकवलं नव्हतं. बार्जवरचे सगळे तसेच धरायचे, असं ते म्हणाले.

त्यांची बोटं जिथे होती, बरोबर तिथे भिंगाखाली सुईने टोचल्यासारखी छिद्रांची रांग असते. त्यातून बाहेरची हवा आत येते, धुरात मिसळते, झुरका पातळ होतो. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. परीक्षेत आकृती काढून गुण मिळवले होते. तरी इतकी वर्षं मी त्या छिद्रांच्या पुढचा भाग यंत्राच्या पकडीत देत होते, छिद्रं मोकळी ठेवून, आणि खाली सही करत होते.

कंडिशन केलेल्या दहा सिगारेटी जादा होत्या. साहेब पणजीला गेले होते. मी साधी पारदर्शक चिकटपट्टी घेऊन छिद्रांवरून गुंडाळली आणि यंत्र कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या कडक पद्धतीवर लावलं: 55 मिलिलिटरचा झुरका, दर 30 सेकंदांनी, छिद्रं पूर्ण बंद. पट्ट्या गुंडाळायला काकांनी मदत केली. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

ग्राहकाने मागितलेल्या पद्धतीने निकोटिन एका सिगारेटमागे 0.6 मिलिग्रॅम. आमच्या दोन चकत्यांवर 1.7.

ही पद्धतसुद्धा माणूस नव्हे. कोणतंच यंत्र माणसासारखं ओढत नाही. दमलेला माणूस खोल ओढतो, भांडण करून आलेला भराभर ओढतो, आणि अंगाला सवयीपुरतं निकोटिन मिळेपर्यंत हात आपोआप काम करतो. पण तीच सिगारेट, तोच दिवस, तेच कपाट, आणि आकडा तिपटीच्या जवळ.

संध्याकाळी साहेबांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला. 'मागणीपत्रावर कुठली पद्धत आहे?' मी सांगितलं. 'मग ती झाली ना?' झाली. 'बरोबर झाली ना?' झाली. 'मग?'

त्यांच्यावर रागवायला जागा नव्हती, तेच टोचतंय. ते खोटं काही करायला सांगत नव्हते. 0.6 हा आकडा खरा आहे, मी मोजलाय, पुन्हा मोजला तरी तेवढाच येईल. मी शेऱ्यात एक ओळ घालू का विचारलं, की छिद्रं मोकळी ठेवून मोजलं आहे. ते म्हणाले, पद्धतीचा क्रमांक छापलाय, त्यात ते आलंच, ज्याला कळायचं त्याला कळतं. कोणाला कळतं? पाकीट वाचणाऱ्याला मानकाचा क्रमांक कळतो? हे मी मोठ्याने बोलले नाही. शुक्रवारी अकराला सही केली. साडेअकराला गाडी येऊन अहवाल घेऊन गेली.

काकांना आकडे सांगितले तेव्हा त्यांनी डबी उघडली आणि चुन्याचं बोट नेहमीपेक्षा जरा कमी लावलं. दोन दिवस. मग पुन्हा पहिल्यासारखं.

त्या दोन चकत्यांचा अर्क काचेच्या दोन बाटल्यांत अजून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहे. मुदत संपलेले नमुने दर महिन्याला मीच यादी बघून टाकते. त्या बाटल्यांना नमुना क्रमांक दिलेला नाही, त्यामुळे यादीत त्या येत नाहीत.