कामी-शिराताकी की क्यू-शिराताकी?

'एका शाळकरी मुलीसाठी जपानी रेल्वेनं अख्खं स्टेशन चालू ठेवलं' हा फॉरवर्ड सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर अजून फिरतो. खाली हात जोडलेले आणि 'नाहीतर आपली रेल्वे!' ही ओळ ठरलेली. गोष्ट २०१६ च्या जानेवारीत चीनच्या एका वृत्तवाहिनीच्या पोस्टवरून जगभर गेली, आणि गेली तीच चुकीच्या स्टेशनचं नाव घेऊन.

फॉरवर्डमध्ये नाव असतं कामी-शिराताकी. मुलगी मात्र गाडीत चढायची क्यू-शिराताकीला. जपानीत कामी म्हणजे वरचं, शिमो म्हणजे खालचं, क्यू म्हणजे जुनं. आपल्याकडं खुर्द-बुद्रुक असतं त्यातलाच प्रकार. होक्काइदो बेटावरच्या सेकिहोकु मार्गावर पश्चिमेकडून कामी-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी अशी चार स्टेशनं ओळीनं होती. आमणापूरची गोष्ट नांद्र्याच्या नावावर खपवली तर आपण लगेच हटकू. इथं कुणी हटकलं नाही, एवढंच.

कामी-शिराताकीला शेवटी दिवसाला एका बाजूला एकच गाडी उरली होती: सकाळी ७:०४ ला पूर्वेच्या एंगारू गावाकडं आणि संध्याकाळी ५:०८ ला पश्चिमेच्या कामिकावाकडं. या दोन वेळा पाहून 'शाळा भरायची आणि सुटायची वेळ' असा अर्थ लोकांनी लावला. खरं तर ते वेळापत्रक प्रवासी आटल्याचं होतं. क्यू-शिराताकीला सकाळची गाडी एकच असली तरी परतीच्या एकाहून जास्त होत्या, आणि सकाळच्या गाडीत त्या मुलीबरोबर आणखी विद्यार्थीही असायचे.

दोन्ही स्टेशनांचा जन्मही वेगळा. कामी-शिराताकी १९३२ चं, म्हणजे ४,३२९ मीटरचा सेकिहोकु बोगदा होऊन घाटातली लाइन जोडली गेली त्या वर्षीचं; लाकडी इमारत असलेलं रीतसर स्टेशन. क्यू-शिराताकी १९४७ चं, आणि ते चाळीस वर्षं कागदोपत्री स्टेशनच नव्हतं. जपानी सरकारी रेल्वेत 'कारी-जोकोजो' म्हणजे तात्पुरती चढ-उतार जागा असा प्रकार होता. मुख्यालयाची मंजुरी न घेता विभागीय कार्यालय आपल्या अखत्यारीत असा थांबा काढायचं. गावकऱ्यांची सोय व्हायची, पण भाड्याच्या तक्त्यात त्याचे किलोमीटरच नसायचे. मग तिकीट कुठून कुठवर धरायचं? चढलात तर मागच्या स्टेशनापासून, उतरलात तर पुढच्या स्टेशनापर्यंत. म्हणजे क्यू-शिराताकीला चढून एंगारूकडं जाणारा शिराताकीपासूनचे पैसे भरायचा. आपल्याकडच्या हॉल्टवर निदान कमिशनवर तिकीट विकणारा एजंट तरी असतो. १ एप्रिल १९८७ ला सरकारी रेल्वेचं विभाजन होऊन जेआर होक्काइदो कंपनी आली, तेव्हा कुठं क्यू-शिराताकीला स्टेशनचा दर्जा मिळाला.

शिराताकी सोडून बाकी तिन्ही स्टेशनं बंद झाली २६ मार्च २०१६ ला. तो नव्या वेळापत्रकाचा दिवस होता. जपानी शाळांचं वर्षही मार्चमध्येच संपतं, त्यामुळं दोन तारखांची गाठ आपोआप पडली आणि त्यावर 'तिचं शिक्षण होईपर्यंत थांबले' ही कथा उभी राहिली. कंपनीचा हिशेब साधा होता. चढणारं माणूस एखादं असलं तरी फलाटावरचा बर्फ काढावा लागतो, दिवा, छप्पर, पाटी सांभाळावी लागते. गंमत म्हणजे त्याच दिवशी त्याच कंपनीची बुलेट ट्रेन होक्काइदोत पहिल्यांदा धावली.

अशा मार्गावर कधी जाणं झालंच तर गाडीची रीत माहीत हवी. बहुतेक ठिकाणी एकच डिझेल डबा असतो, रूळ १,०६७ मिमीचे, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा जेमतेम रुंद. गार्ड नाही, तिकीट तपासणारा नाही, सगळं ड्रायव्हरकडं. चढायचं मागच्या दारानं. दाराशीच यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी निघते, ती घ्यायचीच. पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो. त्यावर तुमच्या आकड्याखालचं भाडं स्टेशनागणिक वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाकायचे. चिठ्ठी घेतली नाही तर गाडी सुटल्या स्टेशनापासूनचं भाडं द्यायची पाळी येऊ शकते. पेटी जास्तीचे पैसे परत देत नाही. आधी शेजारच्या फटीतून सुटे करून घ्यावे लागतात, आणि ते यंत्र सहसा हजार येनचीच नोट घेतं. दहा हजारांची काढलीत की पंचाईत. दोन डबे असतील तर पुढच्यात बसा, कारण कर्मचारी नसलेल्या स्टेशनावर बहुधा पुढच्या डब्याचंच दार उघडतं. आपल्या सवयीनं मागच्या दाराशी सामान लावून उभे राहाल तर स्टेशन हुकेल.

कामी-शिराताकी गेल्यावर कामिकावा ते शिराताकी हे अंतर ३७.३ किमी झालं. बुलेट ट्रेन सोडून जपानी रेल्वेत दोन स्टेशनांमधलं हे सगळ्यात मोठं अंतर. सातारा ते वाईपेक्षा थोडं जास्तच, आणि मध्ये एकही स्टेशन नाही. पण लाइन एकेरी, तेव्हा समोरून येणारी गाडी कुठं तरी घ्यावीच लागणार. म्हणून तिथली तीन जुनी स्टेशनं प्रवाशांसाठी बंद करूनही सिग्नल आणि लूप लाइनसाठी ठेवली आहेत. शिमो-शिराताकीचंही २०१६ मध्ये तेच झालं. पुणे-मिरज लाइन एकेरी होती तेव्हा 'क्रॉसिंग पडलं' म्हणून बसून राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की मसूर-शिरवड्याला गाडी अडकली की निदान खाली उतरून पाय मोकळे करता यायचे. शिमो-शिराताकीला गाडी क्रॉसिंगसाठी उभी राहिली तरी दार उघडत नाही.