तुम्ही विचारलंत म्हणून: मालक भाडं किती वाढवू शकतो?

"ताई, वर्षाला चार टक्क्यांच्या वर भाडं वाढवता येत नाही म्हणं. खरं हाय का?"

कोल्हापुरात राजारामपुरीत मी ऑनलाइन भाडेकरार करून देते. एक लॅपटॉप, एक अंगठ्याचं मशीन आणि येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या, एवढंच दुकान. जूनमध्ये कॉलेजं उघडली की हा प्रश्न दिवसातून दोनदा येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे इथंच बसणारं खंडपीठ, सुरू झालं, तेव्हापासून मालकांच्या तोंडीही एक नवं वाक्य आहे, "आता कोल्हापूरचा रेट वाढला बघा." त्यामुळं हा प्रश्न आता जूनपुरता राहिलेला नाही.

मी उलट विचारते, "तुमच्याकडं भाडेपावती आहे, का करार?" बहुतेकांना वाटतं, ही टाळते आहे.

आम्ही मंगळवार पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत वाढलो. भाडं ८५ रुपये. १९४७ च्या जुन्या भाडे कायद्यानं भाडी जणू गोठवूनच टाकली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही, आणि मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घ्यायची मुभा त्यातच आहे. ८५ रुपयांचे चार टक्के म्हणजे तीन रुपये चाळीस पैसे. मालककाका मागायला आले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ मनानं चार रुपये पुढं केले. काकांना ती थट्टा वाटली. त्या महिन्यापासून त्यांनी भाडं घेणंच बंद केलं.

अण्णा मग दर महिन्याला मनीऑर्डर करायचे, आणि ती "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत यायची. ते कागद ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तारखेनं लावून ठेवायचे. आईला वाटायचं, पोस्टाचं कमिशन फुकट जातंय. पण भाडेकरू भाडं आणि कायदेशीर वाढ द्यायला तयार आहे तोवर थकबाकीच्या नावाखाली त्याला बाहेर काढता येत नाही, आणि तो तयार होता याचा पुरावा त्या डब्यात होता. खरंच थकलं तरी आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस, आणि त्यानंतर दावा. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, हेही त्याच कायद्यात आहे.

काकांची बाजू मला आता कळते. एका पावसाळ्यात कौलं चाळायला जेवढे पैसे जायचे, तेवढं आमचं वर्षाचं भाडं नव्हतं.

आता तुमच्याकडं वळते. तुम्ही अण्णांसारखे पावतीवाले भाडेकरू नाही. तुमच्या अकरा महिन्यांच्या करारावर 'लीव्ह अँड लायसन्स' असं छापलेलं असतं. म्हणजे घर वापरायची मुदतीची परवानगी. चार टक्क्यांची मर्यादा त्याला लागू होत नाही. नवा करार करताना मालक दहा टक्के मागू शकतो, वीस मागू शकतो. तुम्ही नाही म्हणू शकता, किंवा घर सोडू शकता. मुदत संपल्यावरही बसून राहिलात तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, जातो, आणि तिथं भाड्याच्या दुपटीनं भरपाई लागू शकते. "केस वर्षानुवर्षं चालती की" हा पेठेतला जुना हिशेब इथं कामाला येत नाही.

मात्र मुदतीच्या आत करारातला आकडा मालकालाही बांधून ठेवतो. मागच्या पावसात एक नवराबायको आले, दोघंही दवाखान्यात नोकरीला. पाचव्या महिन्यात मालकानं टाकीचं काम केलं आणि पुढच्या महिन्यापासून दीड हजार जास्त मागितले. मी त्यांचा करार उघडला. वाढीबद्दल एक ओळ नव्हती. "मग देऊ नका," म्हटलं. "पण पाणी बंद केलं तर?" तसं झालं तर कोर्टात दाद मागता येते.

आणि तो करार नोंदवलेला होता म्हणून मी एवढं ठामपणे बोलले. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला? पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलीय की!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा, करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्च तरी किती? आठ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क दोन-तीनशेच्या घरात आणि शहरात नोंदणी फी एक हजार. माझी मजुरी वेगळी, ती मी इथं सांगत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर "देशभर नवे भाडे नियम, डिपॉझिट दोनच महिन्यांचं" असं फिरतंय, त्याचंही विचारता. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो नमुना आहे. राज्यानं तसा आपला कायदा केला तरच तो लागू होतो. त्याच्या भरवशावर मालकाशी भांडायला जाऊ नका.

त्यापेक्षा सही करायच्या आधी भांडा. दोन-तीन वर्षं राहायचं असेल तर करार एकदम छत्तीस महिन्यांचा करा आणि प्रत्येक वर्षाचा आकडा त्यात घाला. हा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. परवाच सायबर चौकाकडं खोली घेतलेल्या एका पोरानं अंगठा मशीनवर टेकवता टेकवता मागं घेतला. "काकी, ते दहा टक्के पाच करा की." मालक माझ्याकडं बघायला लागले, मी स्क्रीनकडं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. शेवटी मालक म्हणाले, "सात." मी सात टाईप केलं.