वद्य द्वितीया, कार्टर रोड आणि चालणारा दगड

ताडोबात दोन सफाऱ्या केल्या होत्या. जिप्सीचं भाडं, प्रवेशशुल्क, गाइड, चंद्रपूरपर्यंतचा प्रवास, आणि दिसलं काय, तर पुढच्या जिप्सीतल्या लोकांच्या टोप्या. त्यामुळे होळीच्या सुट्टीत डोंबिवलीला आलेल्या भाचीने "मामा, प्राणी बघायला नेशील?" असं विचारलं, तेव्हा मी तिला वांद्र्याला नेलं. कार्टर रोडच्या खडकांवर, ओहोटीला.

जगातल्या 17 अतिजैवविविध देशांत आपला नंबर आहे, हे शाळेत पाठ केलेलं असतं. डोळ्यांसमोर येतो तो सह्याद्री, नाहीतर काझीरंगा. त्या जैवविविधतेचा एक तुकडा मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास फुकटात उघडा पडतो, हे मला चाळिशीत कळलं.

इथे तिकीट नाही, पण वेळ चुकली तर काही दिसत नाही. भरती-ओहोटीचं गणित आपल्याकडे जुनं आहे: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. आम्ही गेलो तो रविवार धुळवडीनंतरचा, वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती. त्यातून साधारण सव्वासहा तास वजा केले की सकाळी सव्वासातला ओहोटी. मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात आणि या गणितात वीसेक मिनिटांचा फरक निघाला, तेवढं चालायचंच. वेळ तक्त्यातूनच घ्या, पण दिवस निवडायला कालनिर्णय पुरतं. अमावास्या किंवा पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस, म्हणजे उधाणाचे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तक्त्यात ओहोटीचा आकडा अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याखाली असेल तरच पहाटेची झोप मोडा.

पहाटेची धीमी लोकल, दादरला बदल, वांद्र्याहून रिक्षा. सहाला पोहोचलो तेव्हा फूटपाथवर चालणाऱ्यांची गर्दी सुरू झाली होती, पण खडकांकडे कोणी वळतही नव्हतं. पहिली दहा मिनिटं भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता. वास येतो, हे आधीच सांगून ठेवतो. प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, एक चप्पल, पुन्हा पिशव्या. त्यातून पुढे गेलं की काळा खडक लागतो आणि खडकात पाणी साचलेली डबकी.

माझी चूक अशी झाली की पहिला अर्धा तास आम्ही नुसते चालत राहिलो. जंगलातली सवय: पुढे काहीतरी मोठं असेल. शेवटी कंटाळून एका परातीएवढ्या डबक्यापाशी उकिडवे बसलो आणि पाच मिनिटांत ते डबकं हलायला लागलं. तळाशी पडलेले शंख चालू लागले. ते सगळे शंखात राहणारे खेकडे. यांचं पोट मऊ असतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून त्यात घुसतात आणि मोठे झाले की घर बदलतात. दोघे एकाच शंखावरून भांडत होते, अगदी आमच्या सोसायटीतल्या पार्किंगसारखे. खडकाच्या कडेला हिरवट-तपकिरी बटणांची चादर पसरल्यासारखी दिसते, ती वनस्पती नाही. ते झोअँथिड, प्रवाळांचे नातेवाईक. त्यांच्यातल्या काहींत जबरदस्त विष असतं, तेव्हा बोट लावू नका. बाजूला एक समुद्रफूल होतं, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी. आमची सावली पडताच ते मिटलं.

मग भाची ओरडली, "मामा, दगड चालला!"

खडकाच्याच रंगाचा, चामखिळींनी भरलेला, अंगठ्याएवढा दगड खरोखर सरकत होता. ही ऑन्किडियम नावाची बिनशंखाची गोगलगाय. समुद्रकाठी राहते, पण श्वास हवेतून घेते. ओहोटीला चरायला बाहेर पडते आणि पाणी यायच्या आत आपल्या फटीत परतते. त्यानंतर प्रत्येक दगडाकडे आम्ही संशयाने बघायला लागलो. सात मोजल्या.

ऑक्टोपस इथे असतो म्हणतात. आम्हाला दिसला नाही. ताडोबाची परंपरा राखली.

थोड्या अंतरावर एक कोळीण मावशी लोखंडी हत्याराने कालवं टिपत होत्या. कालवाची कड म्हणजे ब्लेडच, आणि भाचीने मी सांगूनही सँडल घातले होते. घोट्याखाली चांगलंच कापलं. मावशींनी पायाकडे पाहिलं, मग समुद्राकडे. "पानी फिरलंय. आता बघत बसू नका, वर चला." आमच्या नजरेला तर पाणी होतं तिथेच होतं. पंधरा मिनिटांत आम्ही बसलो होतो ते डबकं गायब.

तेव्हा जाणाऱ्यांनी बंद बूट घालावेत, जुने आणि तळाला पकड असलेले. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नये, ते साबणासारखं असतं. ओहोटीच्या तासभर आधी उतरावं आणि ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात निघावं. खडकावर उभं असताना मागच्या बाजूने आधी पाणी भरतं, हे लक्षात राहत नाही. जखम झाली तर तिथल्या पाण्याने धुवू नका, बाटलीतलं स्वच्छ पाणी आणि जंतुनाशक बरोबर ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन आम्ही त्याच दिवशी घेतलं. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका.

दगड उलटवला तर हळूच परत तसाच ठेवा. खालच्या बाजूला राहणारे उन्हात मरतात. रिकामा शंखही घरी आणू नका, तो कुणाचं तरी पुढचं घर असतो. शंकूच्या आकाराचा शंख तर हातातच घेऊ नका, आत जिवंत गोगलगाय असली तर तिचा दंश विषारी असतो. प्रवाळाचा तुकडा उचलणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हा कायदा ताडोबाइतकाच वांद्र्यातही लागू आहे.

पहिल्यांदा जात असाल तर जाणकारांबरोबर जाणं केव्हाही चांगलं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट 2017 पासून असे किनारफेरे काढतो. आम्ही एकटे गेलो आणि निम्मं ओळखता आलं नाही. फोटो घरी आल्यावर आयनॅचरलिस्ट या जीव ओळखायला मदत करणाऱ्या संकेतस्थळावर टाकले, तेव्हा काही नावं कळली. फोन दोरीने गळ्यात अडकवा. माझा एकदा डबक्यात पडला, तो अजून चालतो पण चार्जिंगला रुसतो.

परतीचं मात्र रविवारी आधी बघून ठेवा. आम्ही दादरला पोहोचलो आणि मेगाब्लॉक सुरू झाला. ओहोटीचं तंत्र सांभाळलं, मध्य रेल्वेचं राहिलं.