मिरेना बसवायची की नाही, माझा हिशोब

तांबी नको हे माझं आधीच ठरलेलं, कारण तिने अंगावरून आणखी जास्त जातं आणि माझं मुळातच इतकं जातं की हिमोग्लोबिन कायम खाली. मग डॉक्टर म्हणाल्या मिरेनाचा, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या हार्मोनवाल्या साधनाचा, विचार कर. दिसायला तशीच, टी आकाराची, पण हिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, ते सुरुवातीला रोज २० मायक्रोग्रॅमच्या आसपास झिरपत राहतं. त्याने गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्राणू आत शिरत नाहीत, आणि आतलं अस्तर पातळ राहतं म्हणून रक्तही कमी. वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत, ८ वर्षांपर्यंत चालते, आणि रोज गोळी घेतली का नाही हा घोर कायमचा संपतो!

पण "बसवा आणि विसरा" म्हणतात ना, ते काही मला पटत नाही. पहिले तीन ते सहा महिने कधीही डाग पडतात, थोडंसंच असतं पण पॅड पर्समधून हलत नाही, आणि बऱ्याच जणी नेमक्या याच काळात वैतागून काढून टाकतात. नंतर वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळीच बंद होते. यावर "मग घाण आत साचत असेल" हे ऐकावं लागतंच, अहो अस्तरच वाढत नाही तर साचणार काय?

हार्मोन फक्त गर्भाशयातच राहतं असं सांगतात तेही अर्धवट आहे, थोडं रक्तात जातंच, त्यामुळे मुरमं, छाती दुखणं, डोकं दुखणं, कुणाकुणाचा मूड जाणं हे होऊ शकतं. ओव्हरीत सिस्टही होतात, बहुतेक आपोआप जिरतात. वीसातल्या एकीची तर मिरेनाच सरकून बाहेर येते, म्हणून तिला बांधलेले दोरे हाताला लागतात का ते मधूनमधून बघायचं. गर्भाशयाला भोक पडणं हजारात एकदोघींना, म्हणजे क्वचित, पण बसवणारा हात सरावलेला हवा. आणि लैंगिक आजारांपासून संरक्षण शून्य, तिथे कंडोमच. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर हा पर्यायच नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो बसवताना "थोडं चिमटल्यासारखं होईल" या वाक्याचा. काहींना खरंच तेवढंच होतं, काहींना घाम फुटून चक्कर येते. लिडोकेन, म्हणजे जागा बधीर करायचं औषध, देता येतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

मी बसवून घेतेय, रक्तस्रावासाठी मुख्यतः. लिडोकेनचं आधीच बोलून ठेवलंय. सहा महिने डाग सहन करायचे, त्यानंतरही मूडचा त्रास वाटला तर काढायची, काढल्यावर दिवस राहायला वेळ लागत नाही, तेव्हा त्या बाजूने काळजी नाही.