तुम्ही विचारलंत म्हणून: कमिटी का सोडली

उपासना सुटली की गेटपाशी कुणीतरी विचारतंच, "चर्चची कमिटी का सोडलीत?" माझं कुणाशी भांडण नाही. हिशेबाचा वाद नाही, निवडणुकीचा रागही नाही.

त्या सोमवारच्या सभेचं आहे. सुरुवातीची प्रार्थना एका ज्येष्ठ मेंबरांनी केली. नेहमीची वाक्यं, मग कागदावरची आजाऱ्यांची नावं. त्यात आमच्या क्वायरमधल्या काकांचं नाव आलं. "प्रभू, तुझ्या या सेवकाला लवकर बरं कर." काकांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. त्यांच्या पेटीला खांदा दिलेले चौघं त्या टेबलाभोवती होतो. अंत्यविधी केलेले पाळकसाहेब होते. काकांचा मुलगाही कमिटीवर, तो माझ्या समोरच. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. मीही म्हटलं. डोळे उघडले तेव्हा त्याची मान खालीच होती. सेक्रेटरींनी पहिला विषय वाचला: कबरस्थानच्या भिंतीचं कोटेशन.

मला ऐकू आलं नव्हतं असं नाही. मी मनात भिंतीचे आकडे जुळवत होतो. नाव डोक्यात शिरेपर्यंत तोंडातून आमेन निघून गेलं होतं.

माणूस चुकतो, कागद जुना होता, मान्य. त्या मेंबरांना मी दोष देत नाही. पण आम्ही देवाशी बोलत होतो ना? मग आमच्यातलं एकही माणूस तिथे का नव्हतं?

पूर्वी मीच तावातावाने सांगायचो, प्रार्थनेच्या पुस्तकातून वाचू नका, मनाने प्रार्थना करा. आता तसं म्हणवत नाही. आपल्या नाशिकच्या शरणपुरात शिकलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या जेकब वेनराइटने 1873 साली आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं काळीज झाडाखाली पुरताना पुस्तकातलीच प्रार्थना वाचली होती. पुढे लिव्हिंग्स्टनचं शव समुद्रापर्यंत वाहून न्यायचं होतं. ते शब्द पोकळ होते असं मला म्हणता येणार नाही. आणि आमच्या सभेतली प्रार्थना तर पुस्तकातली नव्हतीच.

"आत राहून बोलला असतात तर?" बायको विचारते. तिचं बरोबरही असेल. काकांच्या मुलाशी मी अजून या विषयावर एक शब्द बोललेलो नाही. रविवारी तो माझ्या पुढच्याच बाकावर बसतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी पहिल्या दोन ओळी म्हणतो, मग गप्प राहून त्याचा आवाज येतोय का ते ऐकतो.