देवाचा मुक्काम

लेक आणि जावई नोकरीला किगालीत, म्हणून आम्ही रवांडाला गेलो. नाहीतर वसईची माणसं सहलीला म्हणून तिथे कशाला जातील? सतरा दिवस राहिलो. गोरिला बघायचा परवाना माणशी १५०० डॉलर. ह्यांनी निवृत्तीच्या पैशातून तो काढला, मी नाही काढला, आणि गोरिलाने ह्यांच्याकडे कसं वळून पाहिलं ते मी आजवर चाळीसेक वेळा ऐकलंय. अकागेराच्या जंगलात दोन दिवस काढले, सिंह दिसला नाही. किवू सरोवर सुंदर आहे. झालं प्रवासवर्णन. आता मला जे सांगायचंय ते सांगते.

किगाली शहर इतकं स्वच्छ आहे की पहिल्या दिवशी मला उगाच दडपण आलं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी. भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसणाऱ्यालाही चालक जवळचं दुसरं हेल्मेट देतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अख्खा देश झाडू-कुदळ घेऊन सार्वजनिक कामाला उतरतो, त्याला उमुगांडा म्हणतात. तक्रार करायला जागा फक्त हॉटेलांत. भाजलेलं बोकडाचं मटण मागवलं की तासाभराने येतं आणि वाढणारा हसतमुखाने सांगतो, ‘आलंच.’ मात्र त्यांचं इकिवुगुतो नावाचं आंबवलेलं दूध प्यावं तर तिथेच. आपल्या घट्ट ताकाला लाजवील.

पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मला एक वाईट खोड लागली. समोर कोणीही आलं की मी मनात वजाबाकी करायचे. भाजीवाली पन्नाशीची, म्हणजे १९९४ मध्ये विशीची. बँकेतला गार्ड पंचेचाळीसचा, म्हणजे तेव्हा शाळकरी. जावयाच्या घरमालकाला सत्तरी, म्हणजे ऐन उमेदीत. मग पुढचा प्रश्न: हा लपला होता, की शोधत होता? कोणाची जमात विचारायची तिथे सोय नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे वजाबाकीचं उत्तर कधीच येत नाही. तरी माझं आपलं चालूच.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि पुढच्या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची, शिवाय मारायला नकार देणारे हुतू, म्हणजे मारणाऱ्यांच्याच जमातीचे. कोयत्यांनी, खिळे ठोकलेल्या सोट्यांनी, शेजाऱ्यांच्या हातून. आणि माझ्यासारख्या कॅथलिक बाईला न पचणारी गोष्ट म्हणजे मरणारे आणि मारणारे दोघेही बहुतेक बाप्तिस्मा घेतलेले. १९०० साली साव्हे इथे पहिलं कॅथलिक मिशन आलं. १९४६ मध्ये तिथल्या राजाने अख्खा देश ख्रिस्तराजाला अर्पण केला. आणि पन्नास वर्षंही झाली नव्हती, तोच हे.

जावयाच्या ऑफिसातल्या एकाने जेवताना तिथली म्हण सांगितली होती: देव दिवसभर कुठेही फिरो, रात्री मुक्कामाला रवांडातच येतो. मला ती इतकी आवडली की वहीत लिहून ठेवली. शुक्रवारी न्यामाता गावातलं कत्तलीचं स्मारक बघायला निघालो तेव्हा गाडीवाल्याशी ओळख वाढावी म्हणून मी ती त्याला ऐकवली. आपल्याकडे येऊन एखाद्या परदेशी बाईने ‘अतिथी देवो भव’ म्हणावं, त्यातली गत. जावई नेहमी त्याचीच गाडी बोलवतो. माणूस त्याच भागातला, बुगेसेराचा.

तो बराच वेळ गप्प. आम्ही न्याबारोंगो नदीच्या पुलावर होतो. दोन्ही बाजूंना पाणथळ, पुरुषभर उंच लव्हाळी. याच नदीतून तेव्हा प्रेतं वाहत वाहत पार व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेली. पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, ‘ममा, मी अकरा वर्षांचा होतो. आम्ही या दलदलीत लपायचो. ते सकाळी यायचे आणि संध्याकाळी घरी परत जायचे, कामावरून गेल्यासारखे. रात्री कोणी यायचं नाही. म्हणजे म्हण बरोबरच आहे. देव दिवसा बाहेर असायचा.’

चिडून नाही, चेष्टेने नाही. रस्ता सांगावा तसं सांगितलं. मी वही पर्समध्ये खोल ढकलली.

न्यामाता किगालीहून तीसेक किलोमीटर. तिथलं जुनं चर्च आता स्मारक आहे. २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. गाडीवाला आत आला नाही. निलगिरीच्या सावलीत गाडी लावून म्हणाला, तुम्ही जा, मी आहे.

वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च मी लहानपणापासून पाहिलीत. १७३९ नंतर ती ओस पडली. आम्ही तिथे शाळेच्या सहलीला जायचो, डबा खायचो, लपाछपी खेळायचो. पडक्या चर्चची मला भीती नाही. पण न्यामाताचं चर्च पडकं नाही. विटांचं साधं, बसकं बांधकाम, आमच्याकडच्या एखाद्या खेड्यातल्या देवळासारखं. (आम्ही घरी चर्चला देऊळच म्हणतो.) छप्पर जागेवर आहे, फक्त त्याला शेकडो भोकं आहेत. बॉम्बच्या ठिकऱ्यांची आणि गोळ्यांची. त्यातून उन्हाचे कवडसे खाली येतात आणि बाकांवर पडतात. बाकांवर कपडे आहेत. मेलेल्यांचे. ढीगच्या ढीग, मातीच्या रंगाचे झालेले. कुठे बाळाचं झबलं, कुठे स्वेटरची बाही. वेदीवरच्या कापडावर डाग. तिथेच ठेवलेल्या वस्तूंत कोयता, जमात छापलेली ओळखपत्रं, आणि जपमाळा.

या चर्चमध्ये आणि आवारात सुमारे दहा हजार माणसं मारली. एवढी माणसं इथे का जमली, हे गाईड मुलीने सांगितलं तेव्हा माझे पाय गळाले. १९५९ आणि १९६३ च्या दंगलींत जे चर्चमध्ये पळाले ते वाचले होते. वेदीपाशी कोणी हात उगारला नव्हता. म्हणून १९९४ मध्ये आयांनी पोरांना धरून इकडेच धाव घेतली. म्हणजे श्रद्धेनेच त्यांना एका जागी गोळा करून दिलं. हे वाक्य मी लिहितेय खरी, पण लिहिताना हात अडखळतो. वसईत तीस वर्षं मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं. ‘देवाच्या घरी भय नाही,’ हे मीच शिकवलंय.

फोटो काढायला मनाई आहे. बरं आहे.

बाहेर एका इटालियन बाईंची कबर आहे, तोनिया लोकातेल्ली. १९९२ मध्ये याच भागात तुत्सींची कत्तल सुरू झाली तेव्हा त्यांनी परदेशी रेडिओला ते सांगितलं आणि त्यासाठी त्यांना गोळी घातली गेली. उलट १९९४ मध्ये न्यांगे गावात चर्चच्या आत लपलेल्या दीड-दोन हजार माणसांवर बुलडोझर घालून इमारत पाडली. त्या प्रकरणात तिथला फादर अथानाज सेरोम्बा याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये जन्मठेप दिली. दोघंही एकाच चर्चची माणसं. रवांडाच्या बिशपांनी माफी मागितली ती २०१६ मध्ये, पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी. बावीस-तेवीस वर्षं लागली. आम्ही तर मुलांना सांगतो, रात्री झोपण्याआधी मागा.

दुसऱ्या दिवशी जावयाने आग्रहाने एका गावात नेलं, जिथे मारणारे आणि वाचलेले शेजारी शेजारी राहतात. एक बाई आणि एक पुरुष बाकावर बसले. त्याने तिच्या घरच्यांना मारलं होतं. त्याने सांगितलं, तिने सांगितलं, दुभाष्याने सांगितलं. सगळं पाठ असल्यासारखं. समोर गोऱ्या पाहुण्यांचा एक गट होता, त्यांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या, नंतर टोपल्या विकत घेतल्या. मी वैतागले. क्षमेचा असा खेळ लावायचा? गाडीत लेकीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘आई, तू दरवर्षी गुड फ्रायडेला रडतेस ते पहिल्यांदा ऐकल्यासारखंच ना?’ मला उत्तर सुचलं नाही, पण वैतागही गेला नाही. टोपली मीही घेतली होती.

रविवारी पुन्हा न्यामाता. ही गाडीवाल्याचीच सूचना. ‘जुनं पाहिलंत, नवं पाहून जा. माझी बायको तिथेच रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेला जाते.’ जुन्या चर्चच्या जवळच नवं बांधलंय, खूप मोठं. बायको गाडीत पुढे बसली, फुलाफुलांचा झगा, डोक्याला त्याच कापडाचा फेटा. हा पुन्हा निलगिरीखाली थांबला.

आत बसायला जागा नाही. कसंबसं सरकून मला बाकाच्या टोकाला टेकवलं. मी जन्माची कॅथलिक, पण असं गाणं ऐकलं नव्हतं. ढोल वाजायला लागले की छाती आतून हलते. पाठीला पोर बांधलेल्या बायका जागच्या जागी डोलतात, पोरं तशीच झोपलेली. भाषा कळत नव्हती, पण मिस्सा मिस्साच असते. कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे, शरीराला ठाऊक असतं. प्रवचन मात्र पाऊण तास. कोणत्याही भाषेत न कळणारं पाऊण तासाचं प्रवचन सारखंच लांब असतं, हे सांगून ठेवते. मी खिडकीतून जुन्या चर्चचं छप्पर दिसतंय का ते पाहत होते.

आणि मग एकमेकांना शांती देण्याचा भाग आला.

आमच्याकडे हा दोन मिनिटांचा मामला असतो. इकडे हात जोडले, तिकडे मान डोलावली, कोणाशी भांडण असेल तर त्या बाजूला बघायचंच नाही. तिथे लोक जागा सोडून निघाले. बाक ओलांडून, रांगा ओलांडून. माझ्यापर्यंत कोण कोण आलं. एक शाळकरी मुलगा, दोन बायका, सिस्टर. त्यांची पद्धत अशी की उजवा हात पुढे करताना डाव्या हाताने स्वतःच्याच मनगटाला वर आधार द्यायचा. मोठ्या आदराची खूण. प्रत्येक जण म्हणत होतं, ‘अमाहोरो.’ शांती.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा वळला. पासष्ट-सत्तरचा असावा. कोट जुना, पण इस्त्रीचा. आणि माझी वजाबाकी सुरू झाली. देवाशप्पथ सांगते, चर्चमध्ये, त्या क्षणी, मी हिशेब केला. तेव्हा पस्तिशीचा. धट्टाकट्टा. इथलाच. त्याचा हात माझ्यासमोर आलेला आणि माझा हात मांडीवर. किती वेळ असेल? दोन श्वास, तीन. शुक्रवारी पाहिलेली स्वेटरची बाही डोळ्यांसमोर, आणि इथे हा तळवा, घट्टे पडलेला, शेतकऱ्याचा.

त्याच्या लक्षात आलं. मला खात्री आहे, आलं. त्याने हात मागे घेतला नाही. हसलाही नाही. डाव्या हाताने मनगट धरून तो तसाच उभा राहिला, बस येईपर्यंत माणूस उभा राहतो तसा. मग मी हात दिला. ‘अमाहोरो,’ तो म्हणाला. मी काहीतरी पुटपुटले, बहुतेक मराठीत.

तो कोण होता हे मला माहीत नाही. कदाचित त्याच्याच अख्ख्या घरादाराचे कपडे त्या ढिगांत पडले असतील. किगालीचे कार्डिनल आंत्वान कंबांदा यांचे आईवडील आणि बहुतेक भावंडं त्या कत्तलीत गेली, आणि रोज सकाळी तेही असंच वेदीपुढे उभे राहून लोकांना शांती देत असतील. समोर कोण बसलंय ते न विचारता. मला तीन श्वास जमलं नाही. ख्रिस्तप्रसाद घ्यायला मी उठले नाही. ह्यांनी खुणेने विचारलं, काय झालं? पाय दुखतोय, म्हटलं.

बाहेर आलो तर अडीच तास उलटून गेले होते. गाडीवाल्याची झोप झालेली.

‘लांबलं ना?’ त्याने विचारलं.

‘फारच.’

त्याची बायको पुढे बसली आणि दार लावता लावता बोलायला लागली. हातवारे करत, मध्येच हसत, मध्येच बोट उगारून. बाजार गेला, पेट्रोलपंप गेला, तरी चालूच. मला वाटलं, भांडतेय. विचारलं, काही बिनसलं का?

‘नाही ममा. फादर काय बोलले ते सांगतेय. दर रविवारी सांगते. सगळं.’

‘आणि तुम्ही ऐकता?’

‘गाडी मी चालवतो,’ तो म्हणाला. ‘उठून जाणार कुठे?’

न्याबारोंगोचा पूल आला तशी ती गप्प झाली. खाली लव्हाळी वाऱ्याने एका अंगाला कलली होती. पूल संपला आणि तिने राहिलेलं प्रवचन पुढे सुरू केलं.